सेवा अत्यावश्यक, सेविका मानसेवी

(वर्धा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय कागदावर असा लिहिला आहे : 'आपत्तीच्या काळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अत्यावश्यक सेवा सुरू ठेवणे'. हे वाचलं की डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरीतली बैठक येते. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. आज माझ्यासमोर बसल्या आहेत त्या अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, गटप्रवर्तक, बचत गटांच्या बायका आणि काही माजी सरपंच. त्या टेबलाभोवती तुमच्यापैकी कितीजणी बसल्या असतील? पण तिथे ठरलेलं गावात नेलं ते तुम्ही, तेही पायी. म्हणून मी हा विषय तुमच्या बाजूने धरणार आहे. सेवा सुरू राहिली ती कोणाच्या जिवावर? आणि जिच्या जिवावर राहिली, तिचं नाव सरकारच्या कोणत्या यादीत आहे?

आधी 'अत्यावश्यक' या शब्दाकडे पाहू. हा शब्द सरकार केव्हा काढतं आणि केव्हा खिशात ठेवतं, हे आपण पाठ करून ठेवलं पाहिजे.

सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांनी मोठा संप केला, तुमच्यापैकी अनेकजणी त्यात होत्या. त्यानंतर सेविकेचं मानधन ५००० वरून ६५०० रुपये झालं. पुन्हा असा संप होऊ नये म्हणून सरकारने काय केलं? मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेवेला 'मेस्मा' लावला. मेस्मा म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम. ज्या सेवेला तो लागतो तिथे संप करणं हा गुन्हा, आणि अटकही होऊ शकते. मुलांचा आणि गरोदर बायांचा आहार एक दिवसही बंद पडता कामा नये, असं कारण देण्यात आलं. विधिमंडळात गदारोळ झाला. सत्तेत भागीदार असलेली शिवसेनासुद्धा विरोधात उभी राहिली, आणि २२ मार्च २०१८ ला मुख्यमंत्र्यांना या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली.

स्थगिती मिळाली म्हणून आपण ढोल वाजवले, ते योग्यच होतं. पण त्या चार दिवसांच्या धावपळीत एक गोष्ट नीट बोलायची राहून गेली. मुलांचा आहार बंद पडता कामा नये, हे सरकारचं म्हणणं खोटं नव्हतं. अंगणवाडी अत्यावश्यक आहेच. आपणच तर वर्षानुवर्षं ते सांगत आलो. मग जी सेवा इतकी अत्यावश्यक, ती देणारी बाई कोण? २००६ साली कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नाही. म्हणजे ती नोकर नाही, मानसेवी आहे, तिला मिळतं ते मानधन. बारा वर्षांनी त्याच बाईला सांगितलं जातं, तू इतकी महत्त्वाची आहेस की तू काम थांबवलंस तर तुरुंगात जाशील. पगार मागायला गेली तर स्वयंसेविका, घरी बसते म्हणाली तर अत्यावश्यक कर्मचारी! संसारातल्या बाईलाही हेच सांगत आलेत ना सगळे? तू घरची लक्ष्मी, तुझ्यावाचून घर चालायचं नाही, आणि सातबारावर तुझं नाव नाही.

पुढे २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच, गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानाला म्हणजे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. त्यांना मिळतं ते मानधन नावाचं वेतनच आहे, असं मानलं. तो निकाल येईपर्यंत मधली कोरोनाची दोन वर्षं होऊन गेली होती. त्या दोन वर्षांबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. बंदीच्या आदेशाबरोबर सूट असलेल्या सेवांची यादी आली. पोलीस, दवाखाने, वीज, पाणी, सफाई. १५ एप्रिलच्या आदेशात अंगणवाडीचाही उल्लेख आला. तो असा : लाभार्थींनी अंगणवाडीत यायचं नाही, पंधरा दिवसांतून एकदा आहार त्यांच्या दारात पोहोचवायचा. एका ओळीचा आदेश. दारात कोण पोहोचवणार हे कोणाला विचारावंच लागलं नाही. गहू, डाळ, तिखट, मीठ यांची पाकिटं करायची, ती उन्हातान्हात घरोघर द्यायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि रजिस्टर भरायचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या वर्ध्याचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी दहानंतर गुरंसुद्धा झाडाखालून हलत नाहीत. हे ओझं कशावर न्यायचं, त्याचं भाडं कोण देणार, हे त्या ओळीत नव्हतं. नवऱ्याच्या सायकलवर, शेजाऱ्याच्या बंडीवर, नाहीतर डोक्यावर.

आपल्या जिल्ह्यात पहिला रुग्ण नोंदला गेला तो १० मे २०२० ला. त्या दिवशी राज्यातल्या रुग्णांची संख्या वीस हजारांच्या वर गेली होती. मुंबई-पुणे पेटलेलं आणि वर्धा अजून कोरा, याचं तेव्हा फार कौतुक झालं. सीमा बंद होत्या, नशीबही असेल. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जिल्ह्यात आहेत, त्याचाही आधार पुढे फार झाला. पण गावात पुण्याहून कोण परतलं, कोणाच्या घरी ताप आहे, कोण शाळेतल्या विलगीकरणात आहे आणि कोण रात्री तिथून घरी जेवायला येतं, ही रोजची नोंद आशा ठेवत होत्या. गावातल्या मोठ्या घरच्या पोराला 'चौदा दिवस घराबाहेर पडू नको' असं सांगणं म्हणजे काय असतं, ते सांगणाऱ्या बाईलाच ठाऊक. पोलीस पाटलाने सांगितलं की तो कायदा. आशाने सांगितलं की 'आली मोठी शहाणी'. त्याच बाईला पुन्हा त्याच घरी सुनेच्या बाळंतपणासाठी जायचं असतं, त्यामुळे तिला भांडूनही चालत नाही.

आर्वीकडच्या एका गावात एक मदतनीस मला म्हणाली होती, "ताई, मास्क नाई देला कोनी, रजिस्टर मात्र देलं." या एका वाक्यात सगळं आलं.

आता पैशाचा हिशेब पाहू. कोरोनाच्या कामासाठी केंद्र सरकारने आशांना महिन्याला १००० रुपये जास्तीचा भत्ता दिला. दिवसाला पडतात तेहतीस रुपये. जून २०२० मध्ये राज्याने आशांना २००० आणि गटप्रवर्तकांना ३००० रुपयांची वाढ जाहीर केली, तीही संपाचा इशारा दिल्यावर. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. घरोघर जाऊन प्रत्येक माणसाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा. मोहिमेचं नाव ऐकून मला हसू आलं होतं. कुटुंब माझं, जबाबदारी माझी, आणि मोजायला येणार ती शेजारची आशा, जिचं स्वतःचं कुटुंब घरी वाट पाहतंय. दुसरी लाट ओसरल्यावर १५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. २३ जूनला संप मिटला. आशांना १००० रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मार्च २०२४ मध्ये ५००० रुपयांची वाढ झाली, ती पुन्हा दोन वेळा संप केल्यावरच. अंगणवाडीच्या बायका तर ४ डिसेंबर २०२३ पासून थेट जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बाहेर बसल्या होत्या, पन्नास दिवसांहून जास्त. त्या काळात तुमच्याच गावातल्या लोकांनी 'मुलांचे हाल करता' म्हणून तुम्हाला ऐकवलं असेल. मुलांचे हाल होतात हे खरंच आहे. पण हे बोल ऐकवणाऱ्यांनी तोच प्रश्न खजिन्याला का विचारला नाही?

सेवा बंद पडल्या त्याही पाहू, कारण कोणती सेवा आधी थांबवली जाते यावरून सरकार कोणाला अत्यावश्यक मानतं ते कळतं. अंगणवाडीतला गरम ताजा आहार बंद झाला. मुलांची वजनं बंद झाली, म्हणजे कोणतं मूल खंगतंय हे दिसायचंच बंद झालं. दारूची दुकानं ४ मे २०२० पासून उघडायला परवानगी मिळाली. (आपला जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा, तेव्हा आपण त्याबद्दल काही बोलायला नको!) अंगणवाड्या उघडा हे सांगायला मात्र सर्वोच्च न्यायालयाला १३ जानेवारी २०२१ चा आदेश द्यावा लागला की प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्यांबद्दल राज्यांनी ३१ जानेवारीपर्यंत निर्णय घ्यावा. मे ते जानेवारी. दोन वर्षांच्या पोराच्या आयुष्यात आठ महिने म्हणजे किती, ते आईला विचारा. आणि घरात कोंडलेल्या बाईला मारहाण होते तेव्हा जिच्याकडे धाव घ्यायची ती संरक्षण अधिकारी, समुपदेशन केंद्र, यांचं नाव पहिल्या यादीत कुठे होतं? राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० ला तक्रारींसाठी व्हॉट्सअॅपचा नंबर दिला. ज्या घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, त्या बाईने तो नंबर काय करायचा?

हे झालं सेवा देणाऱ्या बायकांबद्दल. आता निर्णय घेणाऱ्या खुर्चीकडे येते. स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना आधी तेहतीस टक्के आणि २०११ पासून पन्नास टक्के जागा मिळाल्या, त्यासाठी आपण किती मोर्चे काढले! आता पाहा. २०२० साली राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत संपली. कोरोनामुळे निवडणुका पुढे ढकलल्या. कायद्यात दुरुस्ती करून तिथे प्रशासक नेमायचं ठरलं, आणि १३ जुलै २०२० च्या शासन निर्णयात म्हटलं की पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातली योग्य व्यक्ती नेमावी. योग्य व्यक्ती! लोक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने या नेमणुकांना लगाम घातला आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे कारभार द्यायला सांगितलं. निवडणुका झाल्या १५ जानेवारी २०२१ ला. आपल्या जिल्ह्यात त्यातल्या ५० ग्रामपंचायती होत्या, चंद्रपूरमध्ये ६२९. म्हणजे साथ ऐन भरात असताना हजारो गावांत निवडून आलेल्या बायका घरी गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या विस्तार अधिकाऱ्याकडे अशी कितीतरी गावं. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण रात्री अकरा वाजता नळाला पाणी नाही म्हणून त्याच्या दारात कोणती बाई जाणार? तो त्या गावात राहतच नाही.

सरपंचबाईची मुदत संपली तर बाईचं काय गेलं, तसंही कारभार नवराच बघतो, असं म्हणणारे इथेही भेटतील. काही ठिकाणी ते खरं आहे. तरीही ज्या सरपंचबाईने पाच वर्षांत ग्रामसेवकाशी भांडायला शिकून घेतलं, तिला नेमकं भांडण्याची गरज होती तेव्हा बाजूला केलं गेलं. ते शिकलेलं वाया गेलं.

हे एकट्या कोरोनाचं नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. वणा नदीने हिंगणघाटला वेढलं, समुद्रपूर तालुक्यात गावांचे रस्ते तुटले, शेती खरडून गेली. त्या वेळी खुर्च्यांवर कोण होतं? वर्धा जिल्हा परिषदेची २०१७ मध्ये निवडून आलेली सभा मार्च २०२२ मध्ये संपली होती. हिंगणघाट नगरपालिकेचीही मुदत संपलेली. दोन्हीकडे प्रशासक. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ सांगतो की जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. म्हणजे लोकांनी निवडलेलं माणूस त्या टेबलाशी असावं म्हणून कायद्यानेच एक खुर्ची ठेवली आहे. पूर आला तेव्हा ती खुर्ची रिकामी होती, आणि पुढेही वर्षानुवर्षं रिकामीच राहिली. निवडणुका घ्या असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला बजावेपर्यंत तीन वर्षं होऊन गेली होती. दर आपत्तीत 'लोकसहभाग' हा शब्द ऐकू येतो. पन्नास टक्के बायका असलेली सभाच नसेल तर सहभाग कोणामार्फत घ्यायचा?

पुराच्या वेळी शाळेत लोक हलवतात. शाळेच्या खोल्यांची संख्या आराखड्यात असते. त्या शाळेत बायकांसाठी कडी लागेल असा संडास आहे का, ते नसतं. रात्री दिवा आहे का, ते नसतं. २०२१ च्या उन्हाळ्यात थकलेल्या बिलांपायी कितीतरी ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली होती, शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतून बिलं भरायला सांगावं लागलं, हे आठवा. म्हणजे साथीच्या दुसऱ्या वर्षात रात्रीबेरात्री फिरणारी आशा अंधारात चालत होती.

आपल्या एखाद्या गावाचा आपत्ती आराखडा मिळाला तर वाचून बघा. पट्टीचे पोहणारे कोण, त्यांची नावं असतात. ट्रॅक्टर कोणाकडे, जेसीबी कोणाकडे, दोर कुठे ठेवला आहे. हे सगळं हवंच. पण त्या गावात येत्या महिन्यात कोणाचे दिवस भरत आहेत? ही यादी आशाच्या वहीत तारखेसकट असते, आराखड्यात नसते. पुराने रस्ता तुटायच्या आदल्या दिवशी त्या बाईला तालुक्याला हलवायचं की रस्ता तुटल्यावर बोट मागवायची, हा सगळा फरक त्या वहीत आहे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोण एकटी राहते, कोणाचं सिकलसेलचं औषध चालू आहे, हेही त्या वहीत. पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल टाकायची, पाण्याचा नमुना पाठवायचा. जल जीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हात वर करा बरं. बघा, दोन हात. किटमधलं औषध संपलं की नवीन कोण देतं? आता एकच हात, आणि तोही अर्धा.

बायकांच्या हातात हे सोपवून कधी काम झालंच नाही, असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात सरकारने प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं. बाराशेच्या वर गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. सरकारचा इंजिनिअर आणि गावातलं कुटुंब यांच्यामध्ये ती बाई. अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, भिंतीत कोणती पट्टी घालायची, सिमेंटची पोती कमी का आली, हे ती विचारू लागली. गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई तोवर मराठवाड्यात कोणी पाहिली नव्हती. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या कामाला नाव होतं. ती बाई कोणाची तरी बायको म्हणून मदत करत नव्हती, संवाद सहायक होती. गाव तिला त्या नावाने ओळखत होतं. जवळजवळ तीन दशकांनी साथ आली तेव्हा आपण तिथून पुढे जायला हवं होतं.

आता तुमच्या मनात एक शंका असेल, ती मीच बोलते. आराखड्यात बायकांची नावं घाला असं आपण म्हणू, आणि उद्या ग्रामसेवक म्हणेल, छान झालं, आता हे कामही तुमचंच. आज रजिस्टरं सात असतील, उद्या आठ होतील. आणि अत्यावश्यक म्हणून कागदावर नाव चढलं की पुन्हा कोणीतरी मेस्मा घेऊन येईल. ही भीती खरी आहे. मी अनेक वर्षं या प्रश्नाशी झटते आहे आणि मला एकच मार्ग दिसतो : दोन्ही गोष्टी एकाच ठरावात, एकाच वाक्यात मागायच्या. काम लिहा, त्याबरोबर त्या कामाचा मोबदला लिहा. आपत्तीच्या काळात जास्तीच्या कामाचे दिवस किती, दर काय, तो कोणत्या निधीतून, किती दिवसांत हातात पडणार. गाडीभाडं. रेनकोट, बूट, टॉर्च. ती आजारी पडली तर तिच्या जागी कोण, त्या दुसरीचं नाव. ती गेली तर तिच्या मुलांना काय. कोरोनात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच आलं, त्यात आशाही होत्या, हे चांगलं झालं. पण तेही साथ सुरू झाल्यावर आठवलं. मोबदल्याचा रकाना रिकामा असेल तर कामाच्या रकान्यातलं नाव आपण खोडायचं. ग्रामसभेत उभं राहून खोडायचं. मे २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनात योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, अशी शिफारस झाली होती. सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिघांनी मिळून केलेली ती शिफारस आहे. तेव्हा आपण काही जगावेगळं मागत नाही.

पैसे नाहीत असं उत्तर येईल. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, तेव्हा त्यातूनच घ्या, असंही कोणी चतुर माणूस सुचवेल. तिथे सावध राहा. पूर सगळ्या गावाला येतो, मग त्याचा खर्च बायकांच्या दहा टक्क्यांतून का? तो गावाच्या सगळ्या निधीतून झाला पाहिजे. आपत्ती कायद्याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना आपत्तीचं प्रशिक्षण द्यावं, साधनं वापरायला तयार ठेवावीत, असं लिहिलं आहे. पुन्हा तोच शब्द, कर्मचारी. त्या शब्दात सेविका येते का, आशा येते का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाला लेखी विचारायला हवा. उत्तर 'हो' आलं तर प्रशिक्षण आणि साधनं मागायची. 'नाही' आलं तर तो कागद जपून ठेवायचा. पुन्हा कोणी मेस्मा काढला तर तोच कागद त्याच्यापुढे धरता येईल.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कशी होते ते आपण जाणतो. शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या घेतो. ती सही या वेळी द्यायची नाही. सभा शाळेत घ्या म्हणायचं, आशाला तिची वही घेऊन बोलवायचं आणि आराखडा समोर ठेवून वाचायचा. वाचताना बायका आपोआप बोलतात, हा माझा अनुभव आहे. 'हातपंप आटते तवा पानी कोठून आनाचं ते नाई लेयलं जी यात,' असं कोणीतरी म्हणतं, आणि मग थांबत नाहीत.

सर्वांत आधी तो आराखडा हातात पाहिजे. ग्रामपंचायतीत जाऊन साध्या अर्जाने मागा. दिला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. अर्जाचा नमुना तिकडे टेबलावर ठेवला आहे, दोन-दोन प्रती घ्या. एक भरून द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावचा आराखडा आणावा. तो मिळाला नसेल तर शिक्का मारलेली प्रत आणावी. आपण आठही तालुक्यांचे ढीग वेगळे लावू आणि मग जिल्हा परिषदेत जाऊ.